मदत हवी आहे: निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरची काडी ढिली पडली आहे, नाशकात काय करता येईल?

वेदा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे निन्टेंडो ६४ हा जुना व्हिडिओ गेम आहे. मामाने मस्कतहून आणला तेव्हा आम्ही भावंडं शाळेत होतो, आता त्यावर भाचरं खेळतात. मशीनला काही झालेलं नाही, कॅसेटीही फुंकर न मारता लागतात. अडलंय ते कंट्रोलरच्या काडीपाशी, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या जॉयस्टिकपाशी.

कंट्रोलर दोन आहेत, एक करडा, एक निळा. करडा मूळचाच. काडी सोडली की मधोमध परतत नाही, कंट्रोलर उलटा धरला तर नुसती लोंबते. पूर्ण पुढे ढकलली तरी मारिओ पळत नाही, रमतगमत चालतो. उघडून पाहिलं तर आत पांढरी भुकटी साचलेली.

निळ्याची काडी आतल्या सांगाड्यासकट बदलून घेतली आहे, ऑनलाइन मिळते ती, निन्टेंडोच्याच नंतरच्या गेमक्यूब मशीनच्या धर्तीची. घट्ट आहे, पण भलतीच उतावळी. गोल्डनआयमध्ये नेम धरायला जावं तर बंदूक सरळ छताकडे. हळू चालणं तर जमतच नाही.

बाजार पालथा घालून झाला. प्रधान पार्कात एक जण म्हणाला, "पीएस टूची (प्लेस्टेशन २ ची) काडी बसवून देतो ना ताई." दुसऱ्याने कंट्रोलर हातातही न घेता नवीन घ्या म्हणून सांगितलं. बुधवारी गंगेवरच्या बाजारात जुने रिमोट दिसतात, पण ते सगळे टीव्ही गेमचे.

मला काडीचा हाताला लागणारा स्पर्श मूळचाच हवा आहे. करडा दुरुस्त होईल का? निळ्याचा उतावळेपणा कमी होईल का? की जुना चांगला कंट्रोलर शोधत बसू? आणि एकदा नीट झालं की पुन्हा झिजू नये म्हणून काय करायचं?

पंचवटी_एक्सप्रेस

डब्ल्यूडी-४० मारा दोन फवारे. आमच्या सायकलपासून गेटच्या कडीपर्यंत सगळं त्यावरच चालतं 😄

सोल्डरगन

वेदाताई, पंचवटीचं ऐकू नका. तो निळा-पिवळा डबा गंजलेल्या बिजागरीसाठी ठीक आहे. इथे त्याचं तेल मागे राहील, त्यात ती पांढरी भुकटी कालवली जाईल आणि काडी दुप्पट वेगाने घासली जाईल.

आधी ही काडी आत कशी चालते ते सांगतो, म्हणजे पीएस टूची काडी का बसत नाही ते कळेल. पीएस वनच्या ड्युअलशॉकपासून आजच्या बहुतेक कंट्रोलरपर्यंत काडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमखाली असायचा तोच प्रकार. एन ६४ मध्ये ते नाहीतच. इथे काडी दोन कमानींच्या फटींतून खाली उतरते. एक कमान उभ्या हालचालीची, दुसरी आडव्या. कमानीच्या टोकाला दाते आहेत, ते खाचा पाडलेली एक चकती फिरवतात. चकतीच्या एका अंगाला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या अंगाला सेन्सर. खाचा सरकल्या की उजेड चालू-बंद होतो आणि चिप ते मोजत राहते. खाली रबरी गोळी असलेल्या जुन्या माउसमध्ये हेच असायचं.

म्हणजे या कंट्रोलरला काडी 'कुठे' आहे ते कळत नाही, 'किती सरकली' एवढंच कळतं. मशीन सुरू करताना ती जिथे असेल तेच केंद्र धरलं जातं. सुरू करताना अंगठा काडीवर टेकलेला असेल तर पूर्ण गेमभर मारिओ आपोआप एका बाजूला सरकत राहील. त्यावर उपाय सोपा आहे: काडी मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, केंद्र नव्याने धरलं जातं. भाचरांना हे आधी शिकवा.

आता झीज. काडीचं खालचं टोक एका वाडग्यात घासत फिरतं आणि स्प्रिंग ते सतत वाडग्यावर दाबून धरते. प्लास्टिकवर प्लास्टिक. तुमची पांढरी भुकटी म्हणजे तो वाडगा, काडी आणि कमानीच. वाडग्यात खड्डा पडला की टोक खाली बसतं, स्प्रिंगचा ताण उतरतो. तिकडे कमानीची फट रुंदावते, मग काडी हलते पण कमान जागची हलत नाही. भुकटी चकतीच्या खाचांत गेली तर मोजणीही चुकते. म्हणून करड्याची इलेक्ट्रॉनिक बाजू बहुधा धडधाकट असेल, दुखणं सगळं प्लास्टिकचं आहे.

जाता जाता, भाचरं मारिओ पार्टीचा पहिला भाग खेळत असतील तर ती कॅसेट लपवा. त्यात काडी गरागरा फिरवायचे खेळ आहेत. लोक तळहाताने फिरवायचे, हाताला फोड यायचे. प्रकरण न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि २००० साली कंपनीने फुकट हातमोजे द्यायचं कबूल केलं. काड्यांचा विचार कोणी केला नाही.

निळ्याचं दुखणं वेगळं. काडी किती ढकलली ते कंट्रोलर मशीनला आकड्यात कळवतो. नवी मूळ काडी सरळ दिशेत टोकाला नेली की ८० ते ८५ च्या आसपास आकडा देते, तिरक्या दिशेत ७० च्या. आकड्याला १२७ पर्यंत जागा आहे, पण गेम लिहिणाऱ्यांनी हिशेब ८० चा धरलाय. गेमक्यूब धर्तीच्या बऱ्याच काड्या शंभराच्या पुढे जातात. म्हणजे साधारण पाऊण ढकलली की गेमच्या लेखी ती टोकाला पोचली. काही सांगाड्यांत रेंज कमी करायची सोय असते, तुमच्यात आहे का ते विक्रेत्याच्या पानावर बघा. नसेल तर तो कंट्रोलर मारिओ कार्टसाठी ठेवा, गोल्डनआयसाठी नको.

अंबडचा_फिटर

करड्याचा वाडगा डेलरिनमध्ये, म्हणजे एका कडक प्लास्टिकमध्ये, करता येतो. आमच्याकडे डेलरिनचे रॉड पडलेले असतात, बुश करतो आम्ही त्याचे. घसरायला चांगलं, झीज कमी. बाहेरचे लोक एन ६४ साठी जे पीओएमचे वाडगे विकतात ते हेच मटेरियल.

पण ताई, खरं सांगतो. लेथवर आतली बशी होईल, बाजूला कमानी बसायच्या खाचा आहेत त्यांना मिलिंग लागणार. एका नगासाठी सातपूर-अंबडमध्ये कोणी मशीन सेट करणार नाही, केलं तर ओळखीने, जेवणाच्या सुट्टीत. मापं घ्यायलाही वाडगा कोरा पाहिजे. झिजलेल्यावरून मापं घेतली तर झिजलेलाच वाडगा तयार होईल.

थ्रीडी प्रिंटवाल्याकडे जाऊ नका. साध्या प्रिंटरच्या थरांच्या रेघा राहतात, टोक त्यावर घासून आणखी भुकटी. आणि स्टीलची काडी घ्यायचा विचार असेल तर वाडगा आणि कमानीही त्याच संचातल्या घ्या. कडक आणि मऊ एकत्र फिरवले की मऊ जातो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

कंट्रा_३०_लाइफ

धाग्यात घुसतोय भो, माफी. माझ्याकडे बुधवारच्या बाजारातून आणलेले टीव्ही गेमचे ९ पिनचे रिमोट आहेत. एका मित्राकडे अटारी २६०० आहे, त्याच्या काडीचं एका बाजूला जाणं बंद झालंय. पिन तर सारख्याच दिसतात. लावून बघू का?

सोल्डरगन

@कंट्रा, नको लावूस. खोबण सारखी असली तरी आतली भाषा वेगळी आहे. अटारीत प्रत्येक दिशेची वेगळी तार असते, बटण दाबलं की ती ग्राउंडला टेकते, बस. टीव्ही गेमच्या रिमोटमध्ये शिफ्ट रजिस्टर असतं, हे टीव्ही गेम ज्याची नक्कल आहेत त्या निन्टेंडोच्या मूळ फॅमिकॉममध्ये ४०२१ नावाची चिप होती, ती आठही बटणं एकाच तारेवरून ओळीने पाठवते. पुरवठ्याच्या पिनाही जुळणार नाहीत, काहीतरी जाळून बसशील.

मित्राची काडी उघड. काळी, एका लाल बटणाची सीएक्स४० असेल तर आत काडीभोवती प्लास्टिकची कडी असते, तीच खालच्या पत्र्याच्या टिकल्या दाबते. एका दिशेला चालत नसेल तर त्या बाजूला कडी तडकलेली असेल, नाहीतर टिकलीखाली मळ. मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याचा कापूस. कडी तडकली असेल तर ती बदलावीच लागते, फेविक्विक तिथे टिकत नाही.

निफाडकर

ताई, जुना कंट्रोलर शोधणार असाल तर जपानी बाजारातला चालतो. मशीन पाल (युरोपीय) असो की अमेरिकन, एन ६४ चे कंट्रोलर सगळीकडे एकच. पोस्टेज आणि ड्युटी धरून हिशेब करा, एकट्याने एक मागवण्यात अर्थ नाही, चार जण मिळून मागवा.

फोटोवर जाऊ नका, बाहेरून चकचकीत असलेल्याचीच काडी मेलेली निघते. विक्रेत्याकडून छोटा व्हिडिओ मागा: कंट्रोलर उभा, आडवा आणि उलटा धरून काडी सोडायची. तिन्ही वेळा ठप्पकन मधोमध आली पाहिजे. काडीच्या बुडाशी पांढरी पूड दिसली तर सरळ नाही म्हणा. आणि आकड्यांचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. यूएसबी अडॅप्टर असलेल्याला कॉम्प्युटरवर ते दिसतात.

वेदा_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. उजेडाचं गणित वाचून करड्याबद्दल जीव भांड्यात पडला.

आता असं ठरवतेय: करड्यासाठी पीओएमचा वाडगा आणि कमानींचा संच बाहेरून मागवायचा. निळ्यात रेंजची सोय दिसत नाही, तो मारिओ कार्टला. हॉल इफेक्टच्या, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या काड्याही दिसल्या. त्या घेऊ का? आणि संच येईपर्यंत करडा साफ करून ठेवायचा आहे, तर नक्की कशाने? ग्रीस लावायचं का?

देवळाली_पीसी

ग्रीस अजिबात नको. माझ्या पाहण्यात ग्रीस लावलेल्या काड्या वर्षभरात चिखल झाल्या आहेत. कोरडं ठेवा, वरचेवर साफ करा.

सोल्डरगन

देवळालीकर, तो चिखल ग्रीस फार झाल्यामुळे आणि भुकटी न काढता वर थापल्यामुळे होतो. शिवाय अनेक जण गाडीचं पिवळं ग्रीस लावतात, पेट्रोलियमचं, ते काही प्लास्टिकांना तडे पाडतं. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) ग्रीस घ्या. काडीच्या टोकाला काडेपेटीतल्या काडीच्या गुलाइतकं आणि कमानीच्या फटींना बोट पुसल्यासारखं. चकत्यांच्या आसपास एक थेंबही नको, उजेड अडला की संपलं. वर्षातून एकदा उघडून पुसायची तयारी नसेल तर मात्र देवळालीकरांचं ऐका, कोरडंच ठेवा.

वेदाताई, सफाईचं असं. मेमरी पॅक बसतो त्या खोबणीतले दोन बारके स्क्रू लोक विसरतात आणि कवच ओढून तोडतात, ते आधी काढा. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, झेडचं बटण कुठून कसं बसलं होतं ते नंतर आठवत नाही. काडीचा सांगाडा उघडताना हात परातीत ठेवा, स्प्रिंग उडते. वाडगा, काडी आणि कमानी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या दातब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. चकत्यांना पाणी नको, मऊ कोरडा ब्रश. सेन्सरवर हवेचा फुगा, हट्टी मळाला आयसोप्रोपिल. बटणांखालच्या काळ्या रबरी टिकल्या हलक्या हाताने पुसा, घासल्या तर कार्बन निघून जातो.

हॉलबद्दल: तंत्र चांगलंच आहे. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले होते. सेन्सरमध्ये घासणारा भागच नसल्याने तो झिजत नाही. पण तुम्हाला मूळ स्पर्श हवाय, आणि स्पर्श येतो स्प्रिंग, वाडगा आणि कवचावरच्या अष्टकोनी चौकटीतून. शिवाय रेंजचा प्रश्न तिथेही आहेच. विक्रेत्याला 'टोकाला किती आकडा येतो' हे विचारा, उत्तर ८०-८५ आलं तरच निळ्यासाठी विचार करा. करड्यात मूळचाच सांगाडा राहू द्या.

ठेवायचं कसं, तर काडीवर वजन येईल असं नको. कंट्रोलर एकावर एक रचले की खालच्याची काडी तासन्‌तास एका बाजूला दाबली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि वायर कंट्रोलरभोवती करकचून गुंडाळू नका, बुडाशी तुटते.

अंबडचा_फिटर

संच आला की फिट करायच्या आधी मला दाखवा ताई. कोरा वाडगा हातात मिळाला तर मापं घेऊन ठेवतो. या धाग्यावर आणखी पाच-सहा जण तयार झाले तर सेटिंग परवडेल, मग डेलरिनमध्ये एक लॉट काढू. ज्यांना हवा त्यांनी खाली लिहा.

निफाडकर

माझे दोन धरा.

देवळाली_पीसी

एक. ग्रीसशिवाय.