स्टोमा बंद झाला, बॅगा-प्लेटा उरल्या. कुणाला द्याव्यात, कशा द्याव्यात?

दीपमाळ
वडिलांची इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून केलेली शौचाची वाट; अशा तोंडाला स्टोमा म्हणतात) बंद होऊन पाच आठवडे झाले. कपाटात उरलेला माल असा:

होलिस्टर कंपनीच्या न्यू इमेज ५७ मिमी (लाल) प्लेटा ११ (स्टोमाभोवती पोटाला चिकटवायच्या; ५७ हे बॅग अडकवायच्या कडीचं माप), त्यातल्या ३चं भोक आधीच २८ मिमीला कापलेलं. त्याच लाल मापाच्या खालून रिकाम्या करायच्या बॅगा १४. ७० मिमी (निळ्या) प्लेटा ५, पण निळ्या बॅगा दोनच. सुरुवातीला सूज होती तेव्हा निळ्या लागत होत्या. चुकून आणलेला बंद तळाच्या बॅगांचा एक न फोडलेला खोका. पेस्टच्या दोन ट्यूब (एक फोडलेली), अर्धी पावडर, प्लेट सोडवायचा एक रिमूव्हर स्प्रे. काही बॅगा क्लॅम्पच्या (तळ चिमट्याने बंद करायच्या) आहेत, काही नुसती शेपटी गुंडाळून दाबायच्या.

एका प्लेटला शेकड्यांत पैसे मोजले आहेत, टाकवत नाही. कुणाच्या उपयोगाला येईल? आणि काय देऊ नये?

वॉर्ड_नं_७
आधी एक सांगते, सगळं लगेच देऊन मोकळ्या होऊ नका. आतड्याचा जोड नीट भरलाय असं सर्जन पुढच्या तपासणीत सांगेपर्यंत एक पूर्ण संच घरात ठेवा: ३ लाल प्लेटा, ३ लाल बॅगा, १ क्लॅम्प. क्वचित पुन्हा स्टोमा काढायची वेळ येते, आणि ती रात्री-अपरात्रीच येते. अर्धी पावडर टाकू नका. स्टोमा बंद झाल्यावर काही आठवडे दिवसातून अनेकदा पातळ शौचाला होतं आणि गुदद्वाराभोवतीची कातडी सोलवटते. ओलसर जागेवर पावडर अगदी पातळ भुरभुरायची, जास्तीची झटकायची, वरून झिंक ऑक्साइडचं मलम. पेस्ट मात्र तिथे अजिबात नको, बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, आग आग होईल.

आता देण्याबद्दल. प्लेट आणि बॅग ही कुलूप-किल्ली समजा. तुमच्या ५ निळ्या प्लेटा नि २ निळ्या बॅगा म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने दोनच संच. उरलेल्या ३ प्लेटा आधीच निळ्या बॅगा वापरणाऱ्याकडेच जायला हव्यात. आकडा जुळला म्हणून कंपनी बदलून चालत नाही. होलिस्टरची ५७ आणि कॉन्व्हाटेकची ५७, दोन्हींवर आकडा तोच असला तरी कडांची रचना वेगळी. बसल्यासारखी वाटते, पण बॅग अर्धी भरली की वजनाने सुटते.

तात्या_मिरजकर
कापलेल्या ३ प्लेटा कचऱ्यात टाका. दुसऱ्याच्या मापाच्या कशा होणार?

वॉर्ड_नं_७
तात्या, इथे थोडं थांबा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. २८ला कापलेली प्लेट २५-२६ मिमीच्या स्टोमाला आहे तशी चालते (भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिमी मोठं हवंच), आणि त्याहून मोठ्या स्टोमाला आणखी कापून वापरता येते. ५७च्या प्लेटवर साधारण ४४-४५ मिमीपर्यंत कापता येतं. अट एवढीच की मागचा कागद निघालेला नसावा आणि पाकिटावर ‘२८ मिमी कापलेली’ असं ठळक लिहिलेलं असावं. २० मिमीच्या स्टोमाला ती देऊ नका. उघड्या राहिलेल्या कातडीवर इलिओस्टॉमीचा स्राव पडला की एका दिवसात जखम होते, त्यात पाचक रस असतात.

औषधवाला
तारखेचं बघा. खोक्यावर वाळूच्या घड्याळाचं चित्र आणि शेजारी वर्ष-महिना, ती मुदत. कारखान्याचं चित्र म्हणजे बनवल्याची तारीख. गोलात २ आणि त्यावर आडवी रेघ म्हणजे एकदाच वापरायची वस्तू, बरेच लोक त्याला साइझ समजतात. मुदत बहुतेक वेळा खोक्यावरच असते, म्हणून सुट्या बॅगा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवल्या की रुग्णालय हात लावत नाही. मूळ खोका टाकायचा असेल तर लॉट नंबर असलेला तुकडा कापून सोबत ठेवा. खोक्यावरचं रुग्णाचं नाव आणि केस नंबरची चिठ्ठी मात्र फाडा.

मुदतीत असूनही प्लेट खराब असू शकते. प्लेटचा चिकट भाग पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोज वगैरेंचा असतो, तो उष्णतेने पाघळतो आणि दमटपणाने फुगतो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत एक उन्हाळा काढलेला माल संशयाचाच. प्रत्येक लॉटमधली एक प्लेट बळी द्या: कागद पूर्ण काढा, बोटाने अर्धा मिनिट दाबून ऊब द्या आणि उचला. चांगली प्लेट बोटाला धरून ताणली जाते आणि रंग एकसारखा फिकट मधासारखा असतो. कडेने चिकट द्रव सुटला असेल, तपकिरी डाग असतील, किंवा वाकवल्यावर तडा गेला तर तो सगळा लॉट बाद. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी धरतं. भिंतीपासून लांब, आडवं, वर वजन न ठेवता.

बंद तळाचा न फोडलेला खोका बिल घेऊन दुकानात न्या. काही दुकानदार लाल मापाच्या दुसऱ्या मालाशी बदलून देतात. सुटा माल कुणीच परत घेत नाही, आणि बरोबर आहे ते.

तात्या_मिरजकर
मान्य, कापलेल्यांबद्दल शब्द मागे घेतो. पण मुदत संपून दोन महिने झालेल्या दिल्या तर काय बिघडतं? गरजू माणूस नाही म्हणणार नाही.

औषधवाला
नाही म्हणणार नाही, म्हणूनच देऊ नये. स्वतःच्या घरी वापरायची तर ती तुमची जोखीम. दुसऱ्याला दिलेली प्लेट तीन दिवसांऐवजी सहा तासांत सुटली तर तो कामावर, एसटीत, लग्नात अडकतो, आणि त्याच्याकडे बदलायला दुसरी नसते. मुदत संपलेल्या प्लेटा नर्सिंग कॉलेजला द्या, कापण्याच्या सरावाला उत्तम. प्रत्येकीवर मार्करने ‘फक्त सरावासाठी’ लिहा.

सांगली_स्टोमा
कुठे द्यायचं ते राहिलंच की. पहिला दरवाजा ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथली स्टोमा नर्स. तिला ठाऊक असतं कोणाला कोणतं माप लागतं. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा, पैशांअभावी बॅग धुऊन धुऊन वापरणारे रुग्ण त्यांच्याकडेच येतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियलचं स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांचीच संस्थाही मुंबईची. कुठेही जाण्याआधी फोनवर माप आणि संख्या सांगा. नको असलेलं माप त्यांच्या कपाटात पडून राहिलं तर मुदत तिथे संपेल.

बॅगेचा प्रकारही सांगा. इलिओस्टॉमी दिवसातून चार-सहा वेळा रिकामी करावी लागते, तिथे बंद तळाची बॅग म्हणजे प्रत्येक वेळी नवी. ती घट्ट शौच होणाऱ्या कोलोस्टॉमीवाल्याला (मोठ्या आतड्याचा स्टोमा असलेल्याला) द्या. लघवीच्या स्टोमाला तुमचं काहीच चालणार नाही, त्याला नळाची आणि मागे न फिरणाऱ्या झडपेची बॅग लागते. पारदर्शक बॅगा असतील तर वॉर्डला आधी विचारा. नुकतं ऑपरेशन झालेल्याच्या स्टोमाचा रंग त्यातून दिसतो, म्हणून तिथे त्या हव्या असतात.

पाठवताना फोडलेली ट्यूब काढून टाका, बंद ट्यूब वेगळ्या पिशवीत बांधा. स्प्रेचा डबा कुरिअरने नको, हाताने द्या. एप्रिल-मेमध्ये पार्सल टाळा.

अमेरिकेतल्या कुणाकडे उरलं असेल तर बॅगेत भरून इकडे आणायची गरज नाही, तिथे फ्रेंड्स ऑफ ऑस्टोमेट्स वर्ल्डवाइड हेच काम करते.

दीपमाळ
खूप उपयोग झाला. दोन शंका. खराब निघालेल्या प्लेटा टाकायच्या कशा? आणि क्लॅम्प एकच आहे, तो घरच्या संचात ठेवला तर क्लॅम्पच्या ६ बॅगा बिनक्लॅम्पच्या जातील.

वॉर्ड_नं_७
प्लेटा कमोडमध्ये कधीही नाही, पाण्यात फुगून पाइपच तुंबवतात. चिकट बाजू समोरासमोर लावा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि डायपर-पॅडच्या वेगळ्या कचऱ्यात. जाळू नका. मागचा चकचकीत कागद रद्दीत चालत नाही, पुठ्ठ्याचा खोका चालतो.

क्लॅम्पचं उलट करा. घरच्या संचात गुंडाळून दाबायच्या ३ बॅगा ठेवा, त्यांना क्लॅम्प लागतच नाही. क्लॅम्पच्या सहाही बॅगा एकाच माणसाला द्या आणि क्लॅम्प त्याच पाकिटाला रबराने बांधा. एक क्लॅम्प धुऊन बॅगेमागून बॅगेला चालतो. देण्याआधी एकदा लावून बघा, खट् आवाज आला नाही तर बिजागरी सैल झालीय, मग त्या बॅगा नवा क्लॅम्प मिळेपर्यंत देऊ नका.