गुळाच्या भावाचं पान कीपॅडवाल्या फोनवरही नीट दिसलंच पाहिजे का?

रंकाळ्याकाठचा
कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याला साईट करून दिली. रोजचे भाव: प्रत, किमान, कमाल, सरासरी. सगळं सीएसएस ग्रिडमध्ये (सीएसएस म्हणजे पानाच्या सजावटीची भाषा, ग्रिड म्हणजे तिच्यातली आडव्या-उभ्या घरांची मांडणी) बसवलेलं, दिसायला झकास. पंधरा दिवसांनी एका गुऱ्हाळवाल्यानं आपला कीपॅडचा फोन माझ्यापुढं धरला. सगळे आकडे एकाखाली एक, किराणा मालाच्या यादीसारखे. कुठला भाव कुठल्या प्रतीचा, ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

फोन कायओएस २.५ चा, म्हणजे कीपॅडच्या फोनांसाठीच्या सिस्टिमचा. त्याच्या ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, फायरफॉक्स ४८ चं, आणि फायरफॉक्सला ग्रिड कळायला लागलं ५२ व्या आवृत्तीपासून, मार्च २०१७ मध्ये. पण चूक माझीच. तक्ताच मांडायचा होता, तर एचटीएमएलमधला (पानाचा मजकूर मांडायची मूळ भाषा) साधा टेबल टॅग, म्हणजे तक्त्याची खूण, का नाही वापरला? सीएसएस अजिबात नसलं तरी त्यात रकाने जागेवर राहतात. माझं मत आता पक्कं आहे: आधी नुसत्या एचटीएमएलमध्ये पान वाचता यावं, रंगरंगोटी नंतर.

राजारामपुरीकर
भावा, धर्मशाळा काढलीयस काय? गिऱ्हाईक एकदा पैसे देतं आणि वर्षभर फोन करतं. त्यात जुन्या ब्राउझरसाठी दुसरा आराखडा लिहायचा, तो तपासायचा कुणी? ज्याच्याकडं असला फोन आहे तो भाव फोनवरूनच विचारतो. नाहीतर पोरग्याचा स्मार्टफोन घेतो.

रंकाळ्याकाठचा
दुसरा आराखडा नाहीच. ब्राउझरला न कळलेली सीएसएसची ओळ तो मुकाट्यानं सोडून देतो, भाषेचा नियमच तसा आहे. म्हणून साधी मांडणी आधी लिहायची आणि ग्रिडचा भाग @सपोर्ट्सच्या (‘हे कळत असेल तरच घे’ ही सीएसएसमधली अट) आत ठेवायचा. ज्याला कळेल तो घेईल. माझ्या साईटला पाच-सात ओळी जास्त लागल्या.

गगनबावडेकर
तुमी फोन जुना का नवा यावरच भांडताय. आमच्याकडं पावसाळ्यात नवा फोनबी जुना हुतोय! रेंज एक काडी. पान येतंय पन सजावटीची फाईल वाटंतच ऱ्हातीया. २०१९ ला, मग २०२१ ला, रातभर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची पातळी बघत बसलो हुतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. तवा मला येक आकडा पायजे हुता, आनि त्यो किती वाजताचा त्ये. समोर नुसतं गोल गोल फिरतंय. रंग घालून काय करू?

राजारामपुरीकर
पुराचं पान वेगळं, ते साधंच हवं, तिथं वाद नाही. गुळाच्या भावानं कुणी बुडत नाही.

गगनबावडेकर
गूळ घालनाऱ्याला इचारा.

तांबडा_पांढरा
दोघंही सीएसएसवर अडलाय. खरी भिंत त्याच्याही आधी आहे. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या विश्वासाच्या साठ्यात लेट्स एन्क्रिप्टचं (साईटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं फुकट देणारी संस्था) आताचं मूळ प्रमाणपत्रच नाही. तिथं जुन्या क्रोममध्ये असल्या साईटचं पान दिसायच्या आधी इशारा येतो आणि माणूस घाबरून बंद करतो. तुमचा टेबल टॅग कितीही गुणी असू दे, तिथवर पोचतंय कोण? मी तरी या फोनांच्या मागं लागणं सोडलं.

रंकाळ्याकाठचा
हे मान्य, ती भिंत माझ्यानं पडत नाही. पण गुऱ्हाळवाल्याच्या फोनवर पान उघडलं होतं. दारातून आत आलेल्याला तरी भाव वाचता यावा.

राजारामपुरीकर
बरं, टेबल केलंस. त्या फोनचा पडदा २४० पिक्सेल रुंद. चार रकाने आणि मराठी मथळे, बसवून दाखव.

रंकाळ्याकाठचा
काल बसवले. ‘सरासरी’चा रकाना बाहेर गेला. किमान-कमाल एकाच घरात घालून बघतोय, पण व्यापारी म्हणतो सरासरीच पहिली हवी. संध्याकाळी त्याच्या पेढीवर जाऊन ठरवणार.