रस्त्यावरच्या जादूचा खरा प्रेक्षक कोण: बाजारातली माणसे की कॉलेजची मुले?

धागाकर्ता, बेळगाव

रस्त्यावर हातचलाखीचे प्रयोग करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना बहुतेक जण एकच सल्ला देतात: टिळकवाडीत कॉलेजांच्या आसपास उभे राहा, कारण तिथे तरुणाई आहे आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मला हा सल्ला पटत नाही. गणपत गल्ली आणि खडेबाजाराच्या परिसरात खेड्यांतून खरेदीला आलेली कुटुंबे हाच या कलेचा सर्वांत चांगला प्रेक्षक आहे. खरेदी उरकल्यावर गावाकडची बस सुटेपर्यंत या माणसांकडे थोडा मोकळा वेळ असतो, बरोबर मुले असतात, आणि मूल थांबले की आईवडील थांबतातच.

जुने गारुडी आणि मदारी हे पुरते ओळखून होते. ते आधी डमरू वाजवून रिंगण जमवत, मुलांना पुढे जमिनीवर बसवत आणि मगच पोतडी उघडत. मुले बसली की मागे उभ्या असलेल्यांना दिसते, रिंगणाची कड ठरते आणि खेळ करणाऱ्याच्या पाठीशी कोणी येत नाही. हातचलाखीत या शेवटच्या गोष्टीइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ जमिनीवर मांडला, तर तिसऱ्या-चौथ्या रांगेला काहीच दिसत नाही, म्हणून त्या खेळाला लहान रिंगणच हवे. दोरीचा किंवा कड्यांचा खेळ मात्र हात उंच धरून करता येतो आणि त्याला मोठी गर्दी पेलवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप-मुंगसाच्या जोरावर गर्दी जमवण्याचा मार्ग बंद झाला, तो योग्यच झाला. त्यामुळे आता आवाज, नजर आणि जागेची निवड एवढेच भांडवल कलाकाराकडे उरते.

निपाणीकर

आपण बाजाराचे जे चित्र रंगवले आहे, त्यात दुकानदार कुठेच नाही. अरुंद गल्लीत रिंगण धरले की दुकानाची वाट अडते, दुचाक्या अडकतात, आणि खेळ रंगात येण्याआधीच कलाकाराला उठवले जाते. दुसरे म्हणजे थाळी फिरवण्याचा प्रश्न. कर्नाटकाच्या १९७५ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाच, भविष्यकथन अशा निमित्तांनी मागितलेले पैसेही भिक्षेतच धरले आहेत. हा जाच अन्यायाचा आहे असे मीही मानतो, पण नव्या मुलाला त्यात का ढकलावे? कॉलेजच्या कट्ट्यावर थाळी फिरवावी लागत नाही. कोणीतरी चित्रफीत काढतो, ती चार घरांत पोहोचते आणि वाढदिवसाचे किंवा स्नेहसंमेलनाचे आमंत्रण येते.

धागाकर्ता, बेळगाव

वाट अडू नये हे मान्य आहे. म्हणूनच गल्लीच्या मध्यावर न बसता तोंडाशी असलेली मोकळी जागा पाहावी आणि शेजारच्या दुकानदाराला आधी विचारावे. पण चित्रफीत काढणारा प्रेक्षक मला योग्य वाटत नाही. तो जादू पाहत नाही, ती पकडायला उभा असतो, लगेच ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणतो, आणि घरी जाऊन तीच हालचाल संथ गतीने पाहतो.

खानापूरकर

भाषेविषयी कोणीच बोलले नाही. बेळगाव शहरात किंवा खानापुरात मराठीत सुरुवात केली तर चालते, पण तोच खेळ गोकाकला किंवा बैलहोंगलला मराठीतच लावला, तर बरीचशी माणसे ऐकून पुढे निघून जातील. पहिला प्रयोग न बोलता करावा, आकडे ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे कन्नडमध्ये मोजावेत, आणि रिंगणातून कोणती भाषा परत येते हे ऐकून पुढचे बोलणे ठरवावे.

चिकोडीकर

बाजारापर्यंत माझी तक्रार नाही. मात्र हाच विचार पुढे नेऊन काही जण सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर किंवा माघ पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्का यात्रेत खेळ लावावा असे सुचवतात, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तिथे माणूस नवस घेऊन आलेला असतो. रिकाम्या मुठीतून अंगारा काढून दाखवला, तर टाळ्या पडण्याऐवजी लोक पाया पडतील, आणि त्यातूनच उद्याचा बुवा तयार होतो. कर्नाटकाने अमानुष प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध २०१७ साली कायदा केला, पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला त्या माणसाच्या फसवणुकीची काळजी अधिक वाटते.

धागाकर्ता, बेळगाव

अंगारा, लिंबू, हळदकुंकू यांना हात लावूच नये, इथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. परंतु यात्रेतला प्रेक्षक वर्ज्य करावा हे मला मान्य नाही. नाणी, दोरी आणि पत्ते घेऊन, ‘ही हाताची करामत आहे, यात दैवी काही नाही’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये आधीच सांगून खेळ केला, तर मुठीतून वस्तू काढणे शिकून साध्य होते, हे त्या भाविकाला त्याच जागी प्रत्यक्ष दिसेल. त्याला ही गोष्ट दाखवण्याची गरज कॉलेजच्या मुलांहून कितीतरी अधिक आहे.

चिकोडीकर

तर मग देवळाच्या वाटेवर नको. खेळणी आणि पाळणे असतात त्या बाजूला लावा. एवढी अट पाळली जाणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो.