मदत हवी आहे: राजा बदलला की मांडलिक फुटतात (क्रुसेडर किंग्ज ३)

नमस्कार मंडळी,

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राजघराणी चालवण्याच्या संगणक खेळात १०६६ च्या सुरुवातीपासून फ्रान्सचा राजा फिलिप घेऊन खेळतोय, आयर्नमॅनवर (म्हणजे मागे जाऊन चूक सुधारता येत नाही). ज्यांनी ही सुरुवात खेळली आहे त्यांना कल्पना असेल: राजा चौदा वर्षांचा पोर, हातात पॅरिसच्या आसपासचा मुलूख, आणि भोवती अ‍ॅक्विटेन, तुलूझ, फ्लँडर्ससारखे तगडे ड्यूक (राजाचे मोठे मांडलिक सरदार). त्यातले दोन-तीन एकत्र आले की राजाचं सैन्य कमी पडतं. फिलिपच्या कापे घराण्याची खऱ्या इतिहासातही हीच अडचण होती, म्हणून मला हा डाव मनापासून आवडतो आणि तो अर्धवट सोडायचा नाहीये.

फिलिप जिवंत असेपर्यंत घडी नीट बसली होती. अ‍ॅक्विटेनला काउन्सिलमध्ये (राजाच्या सल्लागार मंडळात) जागा दिली, कारण बलाढ्य मांडलिकाला तिथे घेतलं नाही तर त्याच्या आपल्याबद्दलच्या मतात थेट उणे ४० पडतात. राजकन्या तुलूझच्या ड्यूकच्या मुलाला दिली, त्यातून ड्यूकशी युती झाली. युतीतला मांडलिक आपल्याविरुद्धच्या फॅक्शनमध्ये (बंडाच्या गटात) जात नाही, त्यामुळे दक्षिणेची काळजी मिटली. फ्लँडर्सची मनधरणी चालू ठेवली. मांडलिकांचं मत चांगलं राहावं म्हणून चॅन्सेलर (राजाचा एक मंत्री) सतत अंतर्गत कारभारावर. दीर्घ राजवटीचा फायदाही मिळत होता.

मग फिलिप वारला आणि सगळं एकदम ढासळलं.

मुलगा विशीतला आहे. नवी राजवट म्हणून सगळ्यांच्या मतात वजाबाकी आली. मनधरणीने आणि भेटवस्तूंनी जे कमावलं होतं ते फिलिपच्या नावावर होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. युतीही संपली. वर वाटणीचा वारसा कायदा, म्हणजे खालसातला चांगला हिस्सा धाकट्या भावांकडे. मांडलिक सर्वांत नाराज असतात नेमक्या त्याच घडीला राजाचं स्वतःचं बळ सर्वांत कमी असतं, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आता अ‍ॅक्विटेन, फ्लँडर्स आणि तुलूझ स्वातंत्र्याच्या फॅक्शनमध्ये आहेत, तर एका भावाला गादीवर बसवायला दुसरी फॅक्शन उभी राहतेय. फॅक्शनचा असंतोष दर महिन्याला चढतोय. १०० झाला की अल्टिमेटम येणार.

दहशतीचा विचार केला, पण हा राजा दयाळू स्वभावाचा आहे. कैद्यांना फाशी दिली की याचाच ताण वाढतो. खजिन्यात एका मोठ्या खर्चापुरतं सोनं आहे: भाडोत्री सैन्य किंवा भेटवस्तू, दोन्ही जमणार नाही.

तर विचारायचं हे की आत्ता सोनं कुठे घालू? आणि पुढच्या वेळी बापाकडची निष्ठा मुलापर्यंत पोहोचावी म्हणून हयातीतच काय करून ठेवायचं?

प्रतिसाद १

सोनं खर्चायच्या आधी तुलूझकडे बघा. तिथे दिलेली राजकन्या आता नव्या राजाची सख्खी बहीण आहे. भावंडं जवळच्या नात्यात धरली जातात, त्यामुळे ते लग्न टिकून असेल तर युतीची बोलणी पुन्हा करता येतात. ड्यूक तयार झाला तर तो फॅक्शनमधून बाहेर पडेल.

भेटी सगळ्यांना वाटत बसू नका. फॅक्शनची ताकद तुमच्या सैन्याच्या तुलनेत मोजली जाते, ती मर्यादेखाली आली की असंतोष उतरायला लागतो. म्हणून एकच माणूस निवडा: ज्याचं सैन्य मोठं आहे, पण ज्याचं मत थोडक्यात उणे आहे. पक्का वैरी असेल त्याला भेट देऊन काही मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: मुली देण्यापेक्षा वारसाची स्वतःची लग्नगाठ मोठ्या मांडलिकाच्या घरात बांधा. ते नातं त्याचं स्वतःचं असतं, बाप गेल्यावरही राहतं.

प्रतिसाद २

माझं मत वेगळं आहे. लढा. सोनं भाडोत्री सैन्यावर घाला. फॅक्शनचं युद्ध जिंकलात तर बंडखोर कैदेत येतात आणि त्यांच्याकडून किताब काढून घ्यायला रास्त कारण मिळतं, जुलमी ठरत नाही. मिळालेली जमीन एकाच माणसाला देऊ नका, लहान लहान काउंटांत (ड्यूकपेक्षा छोट्या सरदारांत) वाटा. ड्यूक खूश आहे की नाही याची चिंता करण्यापेक्षा ड्यूक मोठा होऊच न देणं टिकाऊ. दोनापेक्षा जास्त डची (ड्यूकचे प्रांत) स्वतःकडे ठेवू नका, त्यानेही मांडलिक बिथरतात.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. बहिणीचं नातं अजून कामाला येईल हे सुचलंच नव्हतं. लगेच बोलणी केली, तुलूझ बाहेर पडला. फॅक्शन अजून मर्यादेच्या जरा वर आहे, पण आता फक्त अ‍ॅक्विटेन आणि फ्लँडर्स उरलेत. अ‍ॅक्विटेनचं मत थोडंसंच उणे आहे, त्यामुळे आधी त्याला भेट देतो. फ्लँडर्स एकटा पडूनही उठला तर प्रतिसाद २ प्रमाणे लढून त्याची जमीन वाटून टाकेन.

एक प्रश्न राहिला: गादीवर दावा सांगणाऱ्या भावाला काउन्सिलमध्ये घेऊन शांत करता येईल का, की दावा आहे तोवर तो फॅक्शनवाल्यांचा मोहरा बनत राहणारच? कुणी असा भाऊ सांभाळला असेल तर जरूर लिहा.