चर्चा: संध्याकाळच्या फोटोत पक्षी काळाच राहू द्यावा की पिसं दिसायला हवीत?

बोडीकाठ:
आमच्या तालुक्याच्या फोटो ग्रुपवर वाद झाला, तो इथे आणतोय. एका पोराने बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीवरच्या वाळक्या झाडावर बसलेल्या मुग्धबलाकाचा (करकोच्याच्या जातीतला पक्षी) फोटो टाकला. मागे केशरी आभाळ, पक्षी पूर्ण काळा. लगेच सल्ले सुरू: "शॅडो (फोटोतला अंधारा भाग) उचल, पिसं दिसू दे." त्याने उचलल्या. आता पक्षी राखेत लोळल्यासारखा, कडेने पांढुरकी रेघ आणि अंगभर नॉइज, म्हणजे रंगीत दाणे.

माझं मत ठाम आहे. उजेड नसताना काढलेल्या फोटोत पिसं शोधायची नसतात, आकार शोधायचा असतो. मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते आणि पक्षी बरोबर आडवा बसला तर त्या फटीतून मागचं आभाळ दिसतं. तेवढ्या केशरी ठिपक्यावर अख्खा फोटो उभा होता. शॅडो उचलून वर ते दाणे पुसणारं डिनॉइज जोरात मारलं, तर फटच बुजली!

करायचं एवढंच: सूर्य सोडून आभाळाच्या उजळ भागावर मीटरिंग (कॅमेऱ्याला उजेड मोजू देणं), तिथेच एक्स्पोजर लॉक, म्हणजे तेच माप कायम. पक्षी राखाडी वाटला तर अर्धा-एक स्टॉप आणखी खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, केशरी रंग खाऊन टाकतो, डेलाइटवर ठेवा. उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंदाचा शटर लागतो, बसलेल्याला १/२०० पुरे. एडिटिंगमध्ये ब्लॅक्स (सगळ्यात काळ्या भागाची पट्टी) खाली ओढा, नॉइज तिथेच गाडला जातो.

धुऱ्यावरचा:
पटलं नाही. तुम्ही फोटोला कॅलेंडर समजता, आम्ही नोंद समजतो. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस धानाच्या बांध्यांत घरटं करतो. जोडीसोबत तिसरा पक्षी दिसला, तर तो यंदाचं पिल्लू आहे की मोठा, हे डोक्यावरून कळतं. मोठ्याचं डोकं-मान लाल, पिल्लाचं बदामी. तुमच्या काळ्या फोटोत तिघंही सारखेच. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) माहिती असेल तर ती बाहेर काढायची नाही हा कुठला नियम?

बोडीकाठ:
माहिती असेल तर काढा ना. दोन-तीन स्टॉप अंधारात गेलेल्या डोक्यातून जो लाल रंग निघतो तो बऱ्याचदा नॉइजचा असतो, पक्ष्याचा नाही. त्यावर पिल्लू की मोठा ठरवणार? आणि काळ्या आकारातही ओळख असतेच. बगळा मान आखडून उडतो, करकोचा आणि सारस मान ताणून. हे तर धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) नुसत्या डोळ्यांनी कळतं.

मोबाइलवाला:
भाऊ, तुमचं रॉ न् स्टॉप आमाले काय कामाचं? आमच्याजवळ मोबाइल. आभाळावर बोट ठेवायचं, शेजारी सूर्याची खूण येते, ते खाली ओढायची. पक्षी आपोआप काळा होते. पण एक सांगतो, नंतर रंग जास्त चढवू नका. आभाळात पट्टे पडते.

बोडीकाठ:
बरोबर. जेपीजीमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. पट्टे त्याचेच.

रंगारी:
मला तर दोघांचाही सोवळेपणा कळत नाही. चित्रकार आभाळ बदलतो तेव्हा कोणी विचारत नाही. मी सारसाच्या जोडीमागे मोठा चंद्र लावला, लोकांना आवडला. बिघडलं कुठे?

धुऱ्यावरचा:
चित्र म्हणून टाका, मग नाही बिघडत. तुम्ही खाली "पौर्णिमा, सूर्यास्त" लिहिलंय. पौर्णिमेचा चंद्र मावळतीला पूर्वेला उगवतो आणि तुमच्या फोटोत तो मावळत्या सूर्याच्या लालीतच टांगलाय. शिवाय चंद्र आभाळात जेमतेम अर्धा अंश असतो. ४०० मिमी लेन्सने फुल फ्रेम सेन्सरवर तो साधारण ३.७ मिमी उमटतो, म्हणजे २४ मिमी उंचीच्या चौकटीचा सहावा-सातवा हिस्सा. तुमचा चंद्र अर्धी चौकट खातोय, आणि सारसाचे पाय मात्र जवळून काढल्यासारखे.

रंगारी:
गणित लावून फोटो बघणार असाल तर बोलणंच खुंटलं.

बोडीकाठ:
या एका बाबतीत मी धुऱ्यावरच्यांच्या बाजूने. पण सारसाची नोंद हवी असेल तर सकाळी सूर्य पाठीशी घेऊन काढा की. सांजेचाच हट्ट कशाला?

धुऱ्यावरचा:
कारण पावसाळ्यात दिवसा बांधीत शिरू देत नाहीत, आणि बरोबरच करतात. अंडी असतात तिथे. संध्याकाळी जोडी तळ्याकडे पाण्यावर येते, तेव्हा पाळीवरून जे मिळतं ते मिळतं. उजेड तेवढाच असतो, म्हणून शॅडो उचलाव्या लागतात.

मोबाइलवाला:
पाळीवर बसा, पण उडवाले ढेला नका मारू बाप्पा. आमच्या तळ्यावर येणारे फोटोवाले तेच करते. मग बगळे रात्रभर त्या झाडावर येतच नाही.