महाबळेश्वर मे महिन्यात नको, आश्विनात बघा. पटतंय का?

शरदचांदणं, पुणे

आमच्या नात्यातलं कोणी ना कोणी दर मे महिन्यात महाबळेश्वरला जातं आणि परत आल्यावर पसरणी घाटातल्या गाड्यांच्या रांगेबद्दलच बोलतं. मी आणि बायको गेली सहा वर्षं दसरा झाला की दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत जाऊन येतो. मंगळवारी निघायचं, शुक्रवारी परत. यंदा जाऊन आलो आणि वाटलं, हे एकदा नीट मांडावं.

माझं म्हणणं असं, की हा मुलूख शरदातच बघावा. जुलैत आर्थर सीट पॉइंटवर ढगाच्या भिंतीपुढे उभं राहावं लागतं, मे महिन्यात दरी धुरकट असते. आश्विनात सकाळी सातला तिथे पोचलो तर एका हाताला सावित्रीचं खोरं थेट कोकणात उतरताना दिसलं, दुसऱ्या हाताला जोर गावाचं. दोन्हीकडे झाडंसुद्धा वेगवेगळी ओळखू येत होती. लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी होतं, उन्हाळ्यात तिथे नुसती धार उरते. तापोळ्याला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरलेला. मे महिन्यात गेलात तर होडीपर्यंत पोचायला वाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आम्ही अर्धा तास बसून होतो, कुणी पुढे सरका म्हणालं नाही. प्रतापगडाच्या पायऱ्या तापलेल्या नव्हत्या. पुण्यात ऑक्टोबरच्या उकाड्यानं जीव नकोसा झालेला असताना तिथे रात्री पांघरूण लागलं.

मे आणि नाताळचा हट्ट सोडून लोक या दिवसांत आले, तर त्यांचंही भलं आणि त्या डोंगराचंही. वेण्णा तलावातून महाबळेश्वर-पाचगणीला पाणी जातं. तलाव आटत असताना तिथे सगळ्यात जास्त माणसं का असावीत?

ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणानं लिहा.

तांबडी माती

मी भिलारकडचा शेतकरी. भिलार तुम्हाला 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून माहीत असेल, पण आमचं घर स्ट्रॉबेरीवर चालतं. मला तुमचं म्हणणं पटत नाही.

तुम्ही येता ते दिवस आमच्या लावणीचे. मातृरोपं परदेशातून येतात, पावसाळ्यात खाली वाईच्या बाजूला रोपवाटिकेत त्यांची रोपं करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती वर शेतात लागतात. गादीवाफे, ठिबक, वर मल्चिंगचा कागद. घरातलं प्रत्येक माणूस वाफ्यावर वाकलेलं असतं. त्यात परतीचा पाऊस झोडपून गेला की रोपांची मर सुरू होते. गेल्या वर्षी अशाच सकाळी एक कुटुंब विचारल्याशिवाय वाफ्यात उतरलं, फोटोसाठी. कागद फाटला आणि रोपांची अर्धी ओळ गेली. मी ओरडलो तर म्हणाले, फळ तर नाहीच, मग नुकसान कसलं?

फळ डिसेंबर ते मार्च असतं. तेव्हा या. बांधावर उभं राहून घ्या. बाजारात पाठवलेल्या पेटीपेक्षा बांधावर विकलेल्या पेटीला आम्हाला जास्त पैसे सुटतात. आमच्या फळाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गिऱ्हाईक दारात आलं तरच त्याचा उपयोग. तुमची शांतता मला समजते. पण सगळे ऑक्टोबरात येऊन गेले तर जानेवारीत आमच्या टपरीवर कोण येणार?

दोन मुलांची आई, ठाणे

तुमचे मंगळवार ते शुक्रवार वाचून थोडं दुखलं. आमच्याकडे दसरा ते दिवाळी म्हणजे सहामाही परीक्षा. नवऱ्याला रजा मिळते ती मुलांच्या सुट्टीत, आणि सुट्टी म्हणजे मे नाहीतर दिवाळी. मे महिन्यात जाणारी माणसं हट्टानं जात नाहीत हो. वर्षातून एकदा, तीन रात्री, भाव दुप्पट असतानाही जातात, कारण दुसरे दिवस त्यांच्या हातात नसतात. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा महाबळेश्वर पाहिलं ते गर्दीतच. बाँबे पॉइंटला सूर्यास्ताला शेकडो माणसं होती. त्यांना त्या माणसांचाही आनंद झाला.

गर्दीला नावं ठेवण्याआधी शाळांचं वेळापत्रक बदला म्हणावं.

सड्यावरची, सातारा

मूळ लेखात फुलांच्या कास पठाराचं नाव नाही याचा मला आनंद झाला, पण लोक महाबळेश्वरला निघाले की "येता जाता कास" जोडतातच, म्हणून लिहिते.

दसऱ्यानंतर कासला फुलं नसतात. ऑगस्टच्या शेवटापासून साधारण सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर बोटभर, पाऊस थांबला की तो सुकतो आणि सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, पिवळा पडतो. दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आलेली माणसं जांभळे गालिचे कुठे आहेत म्हणून तिथल्या गावकऱ्यांशी भांडतात. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे, तिला ओली माती लागते. वायतुरा डबक्याकाठी. गेंद, तेरडा, मिकी माऊस, सगळ्या फुलांचा जीव त्या ओलीवर. पाय पडलेला चौकोन पुढच्या वर्षी रिकामा राहतो, हे मी पंधरा वर्षं त्याच वाटेनं जाताना पाहिलंय.

2012 मध्ये सह्याद्रीबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दी वाढतच गेली. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली, तरी सड्याला तीही जास्तच. माझं स्पष्ट मत आहे, निदान तीन वर्षं कास पर्यटकांना पूर्ण बंद ठेवावं. अभ्यासकांना परवानगी द्या, बाकी कुणाला नको. शरदात डोंगरावर माणसं वाढवा हे सांगणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

पठाराखालचा

ताई, मी सड्याखालच्या गावातला आहे. हंगामात फुलं दाखवायला उभा असतो. तुमची तळमळ खरी आहे, पण "पूर्ण बंद" लिहिताना आमचा विचार झालेला दिसत नाही.

आमची गुरं पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर चरत आली. मग कुंपण आलं, चराई थांबली. काही वर्षांनी दिसलं काय, तर गवत उंच वाढलं आणि त्याच्या सावलीत बुटकी फुलं दबली. जाणकारांनीच सांगितलं आणि कुंपण काढलं. म्हणजे माणूस आणि गुरं हटवली की फुलं वाढतात, हे इतकं सरळ नाही.

प्रवेशाच्या पैशातून गावच्या पोरांना हंगामात मजुरी मिळते. ती नसेल तर पोरं मुंबईला जातात, निम्मी घरं आधीच बंद आहेत. वणवा लागला तर विझवायला सातारा-पुण्याहून कोण येणार? मर्यादा 3000 वरून 1500 करा, शनिवार-रविवारी आणखी कमी करा, मी तुमच्या बाजूनं बोलेन. बंद म्हणाल तर नाही.

सड्यावरची, सातारा

कुंपणाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मीही तेव्हा कुंपणाच्या बाजूनं होते आणि मी चुकले होते. 1500 चा आकडा गावांकडून आला तर मी त्याच्यासाठी सह्या गोळा करीन. सुट्टीच्या दिवसाचं मात्र लेखी हवं. तोंडी ठरलेलं गणेशोत्सवानंतरच्या पहिल्याच रविवारी मोडतं.

कोयनाकाठ

सगळेजण कोणत्या महिन्यात यायचं यावर भांडताहेत. मला भीती वेगळी आहे. मे, नाताळ, दिवाळी हे हंगाम होतेच, आता आश्विनही भरला तर डोंगराला उसंत कधी?

महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाला बंधनं आहेत. म्हणून ओघ आमच्याकडे, कोयनेच्या खोऱ्यात वळतोय. नवीन महाबळेश्वर म्हणून सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या 235 गावांचा प्रकल्प मांडला गेला. कागद येण्याआधीच जमिनी हात बदलू लागल्या. आजोबांनी धरणासाठी एकदा गाव सोडलंय, मला हे शांतपणे बघवत नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आंबेनळी घाट जागोजागी खचला. उतार कापून व्हिला बांधायचे आणि वर बाराही महिने माणसं आणायची, हे या मातीला झेपणारं नाही.

वासोटा किल्ल्याची वाट पावसाळ्यात वनखातं बंद ठेवतं. तसे चार महिने सगळीकडेच हवेत.

तांबडी माती

कोयनाकाठ, चार महिने बंद हे आमच्याकडे आपोआपच असतं. पावसात गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा आम्ही उसनवारीवर जगतो. व्हिलाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण व्हिलात राहणारा आणि एखाद्या शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्यांत राहणारा, दोघांना एकाच मापानं मोजू नका.

शरदचांदणं, पुणे

सगळं दोनदा वाचलं. ठाण्याच्या ताई, "हट्ट" हा शब्द मी मागे घेतो, तो अन्यायाचा होता. आमची मुलं मोठी झाली, म्हणून आम्हाला मंगळवार मिळतो, हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही.

कोयनाकाठ, उसंतीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी आश्विन चौथा हंगाम म्हणून मागत नव्हतो, मे महिन्यातला भार इकडे सरकावा एवढंच मनात होतं. पण भार सरकत नाही, नुसता वाढतो असं तुम्ही म्हणताय, आणि तापोळ्याच्या रस्त्याला यंदा दिसलेल्या नव्या पाट्या आठवल्या की तुमचं खरं वाटतं.

आर्थर सीटच्या त्या सकाळीबद्दल मात्र मी ठाम आहे. तांबडी माती दादा, पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत तुमच्याकडच्या दोन खोल्यांपैकी एक मिळेल का? भाडं जानेवारीचं घ्या. वाफ्यात उतरणार नाही, बांधावरूनच बघू.

तांबडी माती

या. वहिनींनाही आणा. रोपं धरायला माणसं कमीच पडतात, त्यांची इच्छा असेल तर वाफ्यातही उतरा. चपला बांधावर काढायच्या.