पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीचं काम मालकाने स्वतः करावं का?

गंगापूररोडकर

माझी वॅगन आर २००८ ची, पेट्रोल. २०२३ ला नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, तेव्हा रिन्यूअलची फी ५ हजार होती, आता वीस वर्षं झालेल्या कारला सरकारने तीच १० हजार केलीय. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर नीटच ठेवावी लागणार. माझं स्पष्ट मत असं की गाडी एवढी जुनी झाली की तिची देखभाल मालकाने शिकून घ्यावी, सगळं गॅरेजवर सोडू नये.

कारण सांगतो. उन्हाळ्यात टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला म्हणून एका ठिकाणी गाडी दिली, दुसऱ्या दिवशी परत मिळाली, काटा खाली, विषय संपला असं वाटलं. मग थंडी आली, आणि आपल्याकडची थंडी माहितीये ना, निफाडला पारा कुठे जातो, तर गाडी निम्मा रस्ता संपला तरी गरम होईना, हीटर गार, ॲव्हरेज पडलेलं. हाउसिंगचे बोल्ट काढून बघितलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! मला न विचारता काढून टाकलेला. थर्मोस्टॅटचं कामच हे की कूलंट ८०-९० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत ते रेडिएटरकडे सोडायचं नाही. तो काढला की काटा खाली राहतो हे खरं, पण इंजिन कायम थंड, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल मारत राहतो. आणि गाडी तापत होती त्याचं खरं कारण, रेडिएटरमध्ये साचलेला क्षार, तो तिथेच होता. रेडिएटर धुऊन घेतला, नवीन थर्मोस्टॅट टाकला, काटा आता बरोबर मध्ये.

तेव्हापासून ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट सगळं मी घरच्या पार्किंगमध्ये करतो. शिवाय ज्या गोष्टी कुणी करतच नाही त्या पण. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात, मग पावसाळाभर दारात पाणी साठून पत्रा आतून सडतो, तारेने ती मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. ई ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीचे रबरी फ्युएल होज पण वाकवून बघावे लागतात, चिरा दिसल्या की बदलायचे. हे गॅरेजवाला बघणार आहे का तुमच्यासाठी?

रिंगपाना

भाऊ, न सांगता थर्मोस्टॅट काढला ते चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मी स्वतः गॅरेज चालवतो, वडिलांपासूनचं आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. तो पार्ट बंद अवस्थेत अडकला की हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, हजारोंचं काम होतं. गिऱ्हाईकाला नवीन टाकू म्हटलं की म्हणतात राहू द्या, सध्या चालेल असं करून द्या. जुन्या गाडीवर खर्च करायचा नाही हे आधी मालक ठरवतो आणि मग जुगाड केला म्हणून शिव्या आम्हाला.

आता घरगुती कामाचं सांगतो, कारण ते निस्तरायला शेवटी आमच्याकडेच येतं. इंजिन ऑइलच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट लांब दांडीच्या पान्याने आवळतात, आटे जातात, मग बोल्ट ना निघतो ना बसतो, रात्रभर थेंब थेंब ऑइल गळतं. फिल्टरच्या रबराला ऑइल लावून, तो टेकला की हाताने पाऊण फेरा, एवढंच आवळायचं असतं, लोक पान्याने कचकचून बसवतात आणि पुढच्या वेळी तो कापून काढावा लागतो. हिरव्या कूलंटमध्ये लाल ओततात. बोअरचं पाणी टाकतात, आणि तो क्षार साचला कशाने, हाही प्रश्न स्वतःला विचारा ना. व्हिडिओ बघतात दुसऱ्या मॉडेलचा आणि हात घालतात आपल्या गाडीत. मला गाडी गल्लीतून आत येतानाच कळतं की हूं हूं आवाज व्हील बेअरिंगचा आहे की टायर उंचसखल झिजलाय, तो कान रोज गाड्या हाताळूनच तयार होतो, सुट्टीच्या दिवशी एक बोनेट उघडून नाही होत.

पवननगरची

मी गंगापूररोडकरांच्या बाजूने. निदान मोजता तरी आलं पाहिजे. माझी गाडी सकाळी सेल्फ मारला की कण्हायची, दुकानात सांगितलं बॅटरी गेली, दुसरीकडे सांगितलं अल्टरनेटर गेला, दोन्ही मिळून केवढा आकडा होतो बघा, आणि बाई गाडी घेऊन आली की तो आकडा सांगताना आवाज जरा जास्तच ठाम होतो हा माझा अनुभव आहे. साधा मल्टीमीटर घेतला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू केल्यावर १४.२, म्हणजे अल्टरनेटर पण ठणठणीत. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावून भावाला सेल्फ मारायला सांगितलं, तर तिथे व्होल्टच्या वर दाखवतंय, जिथे पाव व्होल्टच्या आतच यायला पाहिजे. अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडून सडली होती. पट्टी बदलली, गाडी एका झटक्यात चालू.

रिंगपाना दादा, तुमच्या कानावर विश्वास आहे, पण सगळीकडे तुम्ही नसता ना.

घाटातला

बॅटरी, फिल्टर, दाराची भोकं, करा हवं ते. पण या धाग्यावर अजून ब्रेकचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितोय. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाला तरी आम्ही बरेच जण जुन्याच कसारा घाटाने उतरतो, आणि तिथे माझ्या मागे कोणाची गाडी आहे, तिचे ब्रेक कोणी जोडलेत, हे मला कळायचा काही मार्ग नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट थ्री ताजं असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी धरल्यावर १४० पर्यंत खाली येतं. इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवलंय, घाटात सतत पेडलवर पाय, कॅलिपर तापला, आत वाफ झाली की पेडल थेट फरशीला. घरी ऑइल बदलताना सर्किटमध्ये हवा राहिली तरी पेडल तसंच मऊ होणार, आणि सोसायटीच्या आवारात दहाच्या स्पीडला ते कळतही नाही, कळतं ते घाटात. वरून लोक नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपतात! स्टँड नाही, चाकाला दगड नाही. असे प्रकार पेपरात वाचून कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. माझं मत, ब्रेक आणि स्टिअरिंगला घरी हात लावायला बंदीच पाहिजे.

गंगापूररोडकर

घाटातला भाऊ, स्टँडचं शंभर टक्के मान्य, माझ्याकडे दोन आहेत आणि त्याशिवाय मी खाली जात नाही, वर काढलेलं चाकही आडवं करून पत्र्याखाली सरकवतो. पण ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला हे मला एकाही गॅरेजने आपणहून सांगितलेलं नाही. बाटलीत लेव्हल कमी दिसली की वरून ओततात, झालं. तुम्ही म्हणता तो उकळण्याचा धोका सगळ्यात जास्त कोणाला? जो डोळे झाकून सर्व्हिसिंगला देतो त्यालाच. बंदी आली तर तो धोका कमी होणार नाही, फक्त कुणाच्या लक्षात येणार नाही.

रिंगपाना दादा, क्षाराचं तुमचं बरोबर, आधीच्या मालकाच्या काळात बोअरचं पाणीच पडलं असणार. पण मग कूलंट तपासायची सवय मालकालाच लागली पाहिजे ना, तुम्ही किती जणांच्या बाटल्यांवर लक्ष ठेवणार?

मायकोवाले काका

सातपूरला डिझेलच्या नोझल-इंजेक्टरच्या कामात नोकरी झाली, आता निवृत्त. वरची सगळी चर्चा पेट्रोल गाड्यांची आहे म्हणून डिझेलवाल्या मुलांसाठी लिहितो. नोझलची सुई आणि बॉडी यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, दोन-चार मायक्रॉन, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो म्हणजे अंदाज करा. हाताची धूळ, पुसायच्या फडक्याचा धागा, काहीही आत गेलं की तो इंजेक्टर संपला. कॉमन रेल गाडीत प्रेशर हजार बारच्या वर जातं, चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करून बघण्याची जी जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची सवय आहे ती इथे अजिबात करू नका, ती धार कातडी फोडून आत जाते, बाहेरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा.

घरी काय करायचं तर डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढा आणि फिल्टर लांबवू नका. इंजेक्टरचं आयुष्य त्यावरच आहे, आणि हे काम कोणालाही जमतं. बाकी टेस्ट बेंच (इंजेक्टर तपासायचं मशीन) असलेल्याकडे द्या.

टाकळीकर

छोटा पण महत्त्वाचा मुद्दा. घरी काढलेलं जुनं इंजिन ऑइल जातं कुठे? आमच्याकडे लोक गटारीत ओततात, ते नासर्डीत येतं आणि नासर्डी पुढे आमच्या टाकळीजवळ गोदावरीला मिळते. सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करायच्या गोष्टी चालल्यात आणि आपण सुट्टीच्या दिवशी तीन लिटर काळं तेल त्यात सोडायचं? वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. बंद डब्यात भरून जे गॅरेज जुनं ऑइल गोळा करून रिसायकलवाल्याला देतं तिथे द्या. जमत नसेल तर घरी ऑइल बदलू नका, या एका बाबतीत मी गॅरेजच्याच बाजूने.

ओझर_मिग

ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, मेंटेनन्सला होतो. तुम्ही सगळे काम घरी की गॅरेजला यावर भांडताय, आमच्याकडे प्रश्नच वेगळा असायचा, तपासलं कोणी? ज्याने बोल्ट आवळला तोच ‘झालं’ असं म्हणू शकत नाही, दुसरा माणूस येऊन बघतो, दोघांच्या सह्या होतात, टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती लावला ते कागदावर असतं. कितीही कसबी माणूस असला तरी स्वतःच्या हातचं राहून गेलेलं त्याला दिसत नाही, फोन वाजला, कुणी हाक मारली, चाकाचे तीन नट आवळले आणि चौथा बोटानेच लावून राहिला, हे होतंच.

आता मला सांगा, घरी काम करणारा दुसऱ्याकडून तपासून घेतो का? नाही. पण रिंगपाना, गॅरेजमध्ये तरी घेतात का? हेल्परने चाक बसवलं, मिस्त्रीने दुरूनच विचारलं झालं का, गाडी बाहेर. जॉब कार्डवर काय लिहिलेलं असतं, ‘जनरल सर्व्हिसिंग’. कुठल्या ग्रेडचं ऑइल, थर्मोस्टॅट ठेवला की काढला, काही नाही. दोघंही सारखेच आहात या बाबतीत.

रिंगपाना

ओझरचे काका, हे लागलं मनाला, कारण खरं आहे. चाकाचे नट मी स्वतः फिरून बघतो पण लिहून कधी देत नाही, ते सुरू करता येईल. दुसरी नजर म्हणाल तर ती फुकट नसते, एक गाडी दोघांनी बघायची तर मजुरी वाढणार, आणि वाढवली की हीच मंडळी पलीकडच्या शटरला जातात.

आणि गंगापूररोडकर, तुमच्यासारखा माणूस मला गिऱ्हाईक म्हणून चालेल, खरंच सांगतो. काय केलंय ते तुम्हाला माहीत असतं. मला त्रास होतो तो अर्धं उघडून, नट-स्क्रू पिशवीत भरून आणणाऱ्यांचा.

घाटातला

सगळे गोड बोलायला लागलात पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. गंगापूररोडकर, मागच्या ड्रमचे ब्रेक शू तुम्ही स्वतः बदलता का? हो की नाही?

गंगापूररोडकर

हो, बदलतो. एका वेळी एकच बाजू उघडतो म्हणजे स्प्रिंग कुठली कशी होती ते बघायला दुसरी बाजू तशीच असते, भुकटी फुंकत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, व्हील सिलेंडरचं रबर उचलून गळती बघतो, नंतर ॲडजस्ट करून हँडब्रेक तपासतो. घाईत पाच गाड्या संपवायच्या असलेल्या माणसापेक्षा ते काम माझ्या हातून चांगलं होतं असं माझं ठाम मत आहे. ओझरच्या काकांचं ऐकून यापुढे ड्रम बंद करायच्या आधी दुसऱ्याला दाखवीन, पण काम सोडणार नाही.

घाटातला

आणि मला ते पटणार नाही. तुम्ही काळजीने करता म्हणून तुमचं खपेल, तुमचं वाचून उद्या जो करेल त्याच्याकडे ना स्टँड असणार ना बघायला दुसरं कोणी. निदान रिंगपाना दादांकडे नेऊन ड्रम उघडून दाखवायचे पैसे द्या आणि मग घाटात या.

रिंगपाना

ड्रम उघडून बघायचे पैसे नाही घेणार. गुरुवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत, नंतर गर्दी असते.